पहिल्या भावात घेतलेला बैल

पुण्याच्या एका समीक्षकाने आमचा व्हिडिओ गेम अर्धाही न खेळता त्याच्यावर परीक्षण लिहिलं, आणि "पूर्ण खेळलो" असं मला फोनवर सांगितलं. त्याने मला फसवलं, माझ्याबरोबर काम करणाऱ्या चित्रकाराला फसवलं आणि वाचणाऱ्यांनाही फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकलं असेल. दोन्ही बाजूंचं चुकतं ते नवरा-बायकोच्या भांडणात. इथं तसं काही नाही.

मी अमरावतीची. माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो, आणि त्या कापडाखाली दोघं एकमेकांची बोटं धरून भाव करतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावरून आकडा कळतो. भोवती उभ्या असलेल्या लोकांना नुसतं कापड हलताना दिसतं आणि दोन माणसांचे चेहरे दिसतात. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हीच खरी विद्या.

बाईमाणसाने त्या कापडाखाली हात घालायचा नसतो. असा काही लिहिलेला नियम नाही, पण घालत नाहीत. वडिलांनी मला ते घरी शिकवलं, ओट्यावर बसून, टॉवेलाखाली. पेरूंचा सौदा करायचा. मी हरले की हात झटकून उठायची. वडील म्हणायचे, "बोटाकडं नोको पाहू पोरी, डोयाकडं पाय. आन राग धरू नोको. रागाचं मानूस बाजारात उघडं पडते." मी अजूनही पडते.

शिक्षण फारसं झालं नाही. बस स्टँडच्या मागे एक खोली घेऊन मी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम तासाच्या भाड्याने लावायचे. मग सायबर कॅफे काढला. मग जुन्या कॉम्प्युटरांची खरेदी-विक्री. नागपूरचे भंगारवाले मला ओळखून होते, मी दारात दिसले की त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणायचा, "आली बाप्पा, आता जेवणं होत नाही आपलं." बंद पडलेली यंत्रं उघडून उघडून मी दुरुस्ती शिकले, आणि कॅफेत गिऱ्हाईक नसायचं तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकले. कोणी शिकवलं नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, म्हणून कोणी काही हिसकावलं की ते मला लगेच कळतं, एवढंच.

चित्रकार अकोल्याचा, जुन्या शहरातला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे त्याच्या घराण्याचं काम. माझ्या कॅफेची पाटी रंगवायला तो अमरावतीला आला तेव्हा नुकता वडिलांच्या हाताखालून सुटला होता. त्याने आधी सगळ्या पत्र्यावर खडूने चौकोन आखले. मी विचारलं, "हे जाळं कशाले? अक्षरं काढ ना."

"आपा, ल्हान चित्र मोठं करायचं तं चौकोनातच कराव लागते. एक चौकोन चुकला का वाघाची मांजर होते."

मला तो आवडला. पाटीच्या भावावरून आमचं भांडण झालं, आणि भांडण झाल्यावर त्याने चहा मागितला, तेव्हा जास्तच आवडला.

पुढे फ्लेक्स आलं. जुन्या शहरातल्या त्याच्या घरी मी एकदा गेले तर त्याचे वडील अंगणात बसून वाळलेले ब्रश रॉकेलमध्ये भिजवत होते. काम काही नव्हतं, नुसते भिजवत होते. त्याला मी कॉम्प्युटरवर चौकोनी ठिपक्यांची चित्रं काढायला बसवलं. हात बसायला त्याला वेळच लागला नाही. तो म्हणाला, "हे तं अब्बाचंच काम हाय. खडू तेवढा नाई."

अशा रीतीने आमचा खेळ सुरू झाला. पुढे सगळ्या परीक्षणांत लिहून आलं की 'जुन्या धाटणीचा' हा खेळ बालपणीच्या जपानी खेळांची हळवी आठवण जागवतो. आम्ही कसलीही आठवण जागवली नव्हती. कॅसेटवाले गेम मी पोटासाठी लावले होते, माझं त्यांच्यावर प्रेम नव्हतं. माझ्याकडची यंत्रं जुनी होती, त्यांच्यावर तेवढंच चालायचं. आणि माझ्या माणसाला चौकोनातून चित्र काढता येत होतं. कोणी तर लिहिलं की खेळाला मातीचा वास आहे. स्क्रीनला कसला वास येतो ते त्यालाच माहीत.

खेळ असा होता. एका दलालाची मुलगी बापाच्या पश्चात एकटी कौंडण्यपूरच्या जत्रेला निघते. वाटेत लांडगे, रानडुकरं, वाटमारे. काठी आणि गोफण घेऊन लढायचं, ताकद वाढवायची, गावोगावच्या बाजारात औषधं आणि हत्यारं घ्यायची. पहिल्याच बाजारात एक बैल घ्यायचा, तो पुढे बरोबर चालतो आणि लढाईत शिंगं लावतो. अशा खेळांत दुकानातल्या वस्तूखाली किंमत लिहिलेली असते, बटण दाबलं की वस्तू आपली. आमच्या खेळात कापड पडायचं. कापडाखाली बोटांचे उंचवटे हलायचे, वर व्यापाऱ्याचा चेहरा दिसायचा, आणि तो पाहून भाव करायचा. पहिला भाव तसाच घेतला, तर व्यापारी समजायचा की या पोरीला बैलातलं काही कळत नाही. मग तो मागे बांधलेला लंगडा बैल द्यायचा. खऱ्या बाजारात होतं तेच.

लंगडेपणा चित्रकाराने फार बेताने काढला होता. बैलाचा मागचा डावा पाय किंचित उशिरा उचलला जायचा. पाहणाऱ्याला दिसेल, न पाहणाऱ्याला दिसणार नाही. त्या बैलाला घेऊन वर्धा नदी ओलांडता येत नसे. काठावरचा नावाडी सांगायचा, "बैल पाय बाई, मंग नदी पाय." तिथून परत जाऊन बैल बदलता यायचा. तोवर अलीकडच्या गावांत हवं तेवढं भटका, तेच लांडगे मारत राहा.

खेळ तपासायला आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांना बसवलं. कॅफेत येणारी कॉलेजची पोरं, अकोल्याच्या भाजीबाजारातली मंडळी, चित्रकाराचे चुलते. एकानेही पहिला भाव घेतला नाही. चुलत्यांनी तर व्यापाऱ्याला इतकं खाली आणलं की त्या भावाला त्याने करायचा चेहरा आम्ही काढलेलाच नव्हता. चित्रकार म्हणाला, "आपा, पयल्या भावात घेनारा कोनी भेटलाच नाई. तो रस्ता पुरा तपासाचा रायला."

मी म्हटलं, "असं कोण घेते?"

आता नदीपलीकडच्या बाजाराचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

ती आमच्या भागाची वाईट वर्षं होती. कापूस गेला, सोयाबीन गेलं, पाऊस कधी आला नाही आणि कधी नको तेव्हा आला. वऱ्हाडाचं नाव मुंबईच्या बातम्यांत एकाच कारणाने यायचं. त्यातल्या एका उन्हाळ्यात मी वडिलांबरोबर बाजाराला गेले. चित्रकारालाही घेतलं, म्हटलं बैल पाहून घे. मैदान भरलेलं होतं, पण सगळे विकायला आलेले. घ्यायला कोणी नाही. चारा नव्हता, म्हणून आणलेली जनावरं. गलका नव्हता, हाकारे नव्हते. चहावाला स्टोव्ह विझवून बसला होता. वडिलांचा दुपट्टा दिवसभर खांद्यावरून खाली आला नाही.

ऊन उतरायला लागल्यावर एक म्हातारा त्यांच्याकडे आला. जुन्या ओळखीचा. त्याची जोडी बाभळीखाली उभी होती. त्याने नुसता हात पुढे केला. वडिलांनी दुपट्टा काढला आणि हातांवर टाकला. मी कापडाकडे पाहत होते. ते हललंच नाही. घेणारा कोणी नव्हता, तर भाव कशाचा सांगणार? दोघं तसेच उभे राहिले. मग वडिलांनी कापड काढलं, तेव्हा त्यांनी त्याचा हात नुसता धरलेला होता.

 परतीच्या बसमध्ये, मोझरी गाव मागे पडल्यावर, चित्रकार म्हणाला, "आपा, हे मी काढतो. तुमी मधात बोलू नोका."

त्याने काढलं. ते काढायला त्याला बाकीच्या सगळ्या खेळाएवढा वेळ लागला. नदी ओलांडून मुलगी त्या बाजारात येते, तिथं संगीत थांबतं. जनावरं उभी, माणसं उभी. एका म्हाताऱ्यापाशी गेलं की कापड पडतं. कुठलंही बटण दाबा, भाव येत नाही. पण बटण दाबून धरलं, तर कापडाखालचा दुसरा हात आपला हात धरतो, आणि आपण सोडेपर्यंत सोडत नाही. पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलाने चौकोनांमधून हे काढलं. मी प्रोग्रॅम लिहिला, पण ते त्याचं होतं.

त्याच सुमारास त्याला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी चालून आली होती. लहान मुलांच्या अभ्यासाची कार्टून काढायची. घरी वडील बसून, लग्न ठरलेलं. मला दुसरा खेळ करायचा होता आणि त्याच्याशिवाय तो होणार नव्हता. एकजण दुसऱ्या खेळात पैसे घालायला तयार होता, पण तोही पुण्याच्या त्या परीक्षणाकडे डोळे लावून होता. आपल्याकडे खेळ बनवणारे सगळे त्या समीक्षकाचं वाचायचे. चित्रकार म्हणाला, "आपा, त्यायचं लिहून येऊ द्या. नदीपलीकडचं त्यायले दिसलं तं मी रायतो. नाई दिसलं तं काऊन राहू?"

मी समीक्षकाला फोन केला. फार गोड बोलला.

"पूर्ण खेळलो, ताई. छान प्रयत्न आहे."

"नदीपलीकडचा बाजार कसा वाटला?"

"बाजार सगळेच छान जमलेत."

हे 'सगळेच' मला तेव्हाच टोचलं. सगळेच बैल चांगले आहेत असं सांगणारा व्यापारी एक बैल झाकत असतो. पण फोनवर डोळे दिसत नाहीत, आणि मला चांगलं ऐकायचं होतं.

परीक्षण आलं. पाचपैकी दोन तारे. चित्रं मोहक पण वरवरची. भाषा ओबडधोबड. खेळ दिशाहीन, तेच ते शत्रू पुन्हा पुन्हा, नदीपाशी येऊन कथा विरते. कापडाचं गूढ अनाकलनीय, बहुधा तांत्रिक दोष. आणि शेवटी, ज्या भूमीत शेतकरी एवढ्या यातना भोगतो आहे त्या भूमीतून आलेल्या खेळात त्या दुःखाचा मागमूस नसावा, ही खेदाची बाब.

मी ते दोनदा वाचलं. मग परीक्षणासोबतचा फोटो पाहिला. त्याने स्वतः खेळताना काढलेला होता, नदीकाठावरचा. मुलगी उभी, मागे बैल. मागचा डावा पाय जमिनीला चिकटलेला, बाकीचे तीन पुढे निघालेले.

वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण फोटो पाहून हसले. "यानं पयल्या भावात घेतला ना बैल? मीबी त्याले हाच देल्ला असता."

मी पुन्हा फोन लावला.

"तुमचा बैल लंगडा आहे," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्या फोटोतला बैल. मागचा डावा पाय पाहा."

"ताई, मला काही कळलं नाही."

"तेच म्हणून राहिली मी. तुमाले काई कळलं नाई. त्या बैलानं नदी वलांडता येत नाई. मंग पलीकडचा बाजार तुमी कुठून पाहिला?"

 तो म्हणाला, "हे बघा, खेळाडूला पुढं जाता येत नसेल तर तो खेळाचा दोष असतो. सूचना द्यायला हवी होती."

"मंग तसं लिहा ना! 'मी अडकलो' लिहा. दोन तारे द्या, एक द्या. 'यात दुःख नाई' कसं लिहिता तुमी? दुःख पलीकडं होतं, तुमी अलीकडं!"

"ते माझं मत आहे."

"मत पाहिलेल्या गोष्टीचं असते. न पाहिलेल्या गोष्टीचं जे असते त्याले आमच्याकडं येगळा शब्द हाय."

मी तो शब्द वापरला. आणखीही वापरले. तो म्हणाला, "तुम्ही अशा भाषेत बोलणार असाल तर," आणि फोन ठेवला. लोक म्हणतात मी तिथं चुकले, शांतपणे बोलले असते तर त्याने दुरुस्ती छापली असती. छापली नसती. शांत माणसांचे फोन तर तो उचलतही नसेल.

पैसे घालणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी कळवलं की सध्या नको. चित्रकार अकोल्याहून आला. मी त्याला लंगडा पाय दाखवला, सगळं समजावलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले माहीत हाय आपा. मी फोटो पाहूनच वळखलं. पाय मीच काढला ना?"

"मंग? तो खोटं बोलला. आपण लिहू त्याच्याविरुद्ध, सगळ्यायले पाठवू."

"तुमी लिहा. मी थकलो." तो कॅफेच्या पाटीकडे पाहत होता. उन्हाने तिचा लाल रंग गुलाबी झाला होता. "कोनी पाहिलंच नाई, तं मी काढलं का नाई काढलं, सारखंच हाय."

तो पुण्याला गेला. मी त्याला थांबवलं नाही. आयुष्यभर मी भाव करत आले. त्या दिवशी हातात देण्यासारखं काही नव्हतं, मग कापड कशाला टाकू?

दुसरा खेळ झाला नाही. मी आता कॅमेरे बसवण्याचं काम करते, दुकानांत, अपार्टमेंटांत. बरं चाललं आहे.

पुढे बऱ्याच काळाने परदेशातल्या एका बाईने आमच्या खेळावर लिहिलं. तिलाही आधी लंगडाच बैल मिळाला होता. तिने तसं लिहिलं. नावाड्याचं ऐकून ती परत गेली, भाव करायला शिकली, नदी ओलांडली. म्हाताऱ्याचा हात सोडायला आपल्याला जमेना, असं तिने लिहिलं. तिला वऱ्हाड कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि त्याने काही अडलं नाही. म्हणजे रस्ता होता. परत फिरायची तयारी तेवढी लागत होती.

त्यानंतर एके दिवशी पाहते तर पुण्याचं जुनं परीक्षण बदललेलं. चार तारे. शेतीच्या संकटाचं इतकं संयत चित्रण विरळा, म्हणे. कापडाचा सौदा हा खेळाचा आत्मा. आधीचे दोन तारे, आधीचा मजकूर, कशाचाच उल्लेख नाही. लंगडा बैलही गेलेला. त्याच्या जागी नवा फोटो, नदीपलीकडच्या बाजाराचा.

मी फोटो मोठा करून पाहिला. बैलाच्या पाठीवरची झूल हिरवी होती. खेळात ती लाल आहे. हिरवी झूल फक्त एका चित्रात होती, जे खेळ पूर्ण व्हायच्या आधी आम्ही प्रसिद्धीसाठी सगळ्यांना पाठवलं होतं. नंतर चित्रकाराने ती बदलली. या गृहस्थांनी तेच जुनं चित्र काढून लावलं. म्हणजे चार तारे देतानाही ते नदीच्या अलीकडेच होते.

मी चित्रकाराला फोन करून सांगितलं. मागे कुठल्या तरी गाण्याचा आवाज येत होता, त्याच्या कार्टूनमधल्या आंब्याला त्या दिवशी हसायला शिकवायचं होतं. "जाऊ द्या ना आपा," तो म्हणाला. "आता तं चांगलं लिहिलं ना त्यायनं."

"तू ये परत. आता मिळतील पैसे."

"आपा, हात बसला आता इथं." मग म्हणाला, "अब्बाले दाखवजा ते नवीन. त्यायले बरं वाटन."

त्याच्या अब्बांना मी ते दाखवलं नाही. खोटा माल मी कोणाच्या घरी नेत नाही.

तर समीक्षक महाशय, मी दमले आहे, पण विसरलेले नाही. मला तारे नकोत, चारही काढून घ्या. तुमचं पहिलं परीक्षण होतं तसं परत लावा, लंगड्या बैलासकट, आणि त्याच्याखाली तुमच्या हाताने लिहा की तुम्ही नदी ओलांडली होती की नाही. पहिल्या वेळी, आणि दुसऱ्या वेळी. हो किंवा नाही, यापेक्षा जास्त शब्द नकोत. आणि उत्तर मला देऊ नका. चित्रकार तुमच्याच गावात आहे, लहान मुलांसाठी हसरे आंबे काढतो. त्याला जाऊन द्या, समोर उभं राहून, त्याला तुमचे डोळे दिसतील असं.